नसलेल्या राज्याचा नकाशा आणि असलेली वस्ती

मागच्या पावसाळ्यात भोरमध्ये आमच्या अभ्यासवर्गाला ठरलेले वक्ते घाटातल्या पावसामुळे पोहोचू शकले नाहीत. वर्ग रद्द झाला, पण पोरं घरी गेली नाहीत. दोन लॅपटॉप उघडले गेले आणि त्यावर भलतेच काम सुरू झाले. एक मुलगा समुद्र ओढत होता, दुसरा डोंगररांग बसवत होता, एक मुलगी नद्यांना नावे देत होती. नसलेल्या जगाचे नकाशे. कथा लिहायच्या, खेळ बनवायचा, यूट्यूबवर टाकायचे, असे त्यांचे काहीतरी चालले होते.

चळवळीत चाळीस वर्षे घालवलेले आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते कोपऱ्यात बसून हे बघत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. "अरे, आपल्या वस्तीला स्मशानात जायला वाट नाही, आणि तुम्ही नसलेल्या राज्याचे रस्ते काढताय? बाबासाहेबांनी यासाठी शिकायला सांगितलं होतं का रे?" पोरं गप्प झाली. एकाने लॅपटॉप मिटला. त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो, कारण काकांना उलट बोलायची आमच्यात रीत नाही. पण ते गप्प बसणे आम्हाला नंतर फार टोचले. हा लेख म्हणजे काकांना दिलेले उशिराचे उत्तर आहे. आणि त्या पोरांनाही, कारण काकांचे म्हणणे अर्धे बरोबर होते.

आधी काकांचा मुद्दा घेऊ. काल्पनिक नकाशा म्हणजे पोरखेळ, वास्तवाशी त्याचा संबंध नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी मनुस्मृतीचा दुसरा अध्याय पुन्हा एकदा उघडून बघावा. त्यात चक्क भूगोल आहे. ब्रह्मावर्त कुठून कुठपर्यंत, आर्यावर्त कोणत्या दोन पर्वतांच्या मध्ये, आणि त्यापलीकडे म्लेंच्छांचा देश. दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, त्यांची भांडी कोणती आणि कपडे कोणते, हेही लिहून ठेवले आहे. हे लिहिणाऱ्याने काही जमीन मोजली नव्हती. त्याने एक जग कल्पिले, त्यात कोण मध्यभागी आणि कोण कडेला हे ठरवले, आणि पुढची दीड-दोन हजार वर्षे गावे त्या आराखड्याबरहुकूम वसत गेली. जगातला सर्वात यशस्वी काल्पनिक नकाशा कुठला असेल तर तो हा. भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही खोऱ्यात जा. देऊळ, चावडी, पाटलाचा वाडा कुठे आणि आपली वस्ती कुठे, हे सांगायला गाइड लागत नाही. ओढा कुठून कुठे वाहतो ते बघायचे आणि खालच्या अंगाला चालत राहायचे. कल्पनेला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की आपण ज्या वस्तीत जन्मलो ती वस्ती आधी कुणाच्या तरी कल्पनेत आखली गेली होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले गेले ते नुसते पुस्तक नव्हते, तो आराखडा होता. भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड येते. आपल्याला ती राख फार लांब नाही.

आता दुसरी गोष्ट. बाबासाहेबांनी यासाठी शिकायला सांगितले होते का? काका, बाबासाहेबांनी स्वतः न झालेल्या राज्यांचे नकाशे छापले आहेत. 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' हे १९५५ चे छोटेखानी पुस्तक आपल्यातले किती जण शेवटपर्यंत वाचतात? त्यात नकाशे आहेत. उत्तर प्रदेशाचे तीन तुकडे, बिहारचे दोन, मध्य प्रदेशाचे दोन. मुंबईचे स्वतंत्र नगरराज्य आणि उरलेल्या महाराष्ट्राची पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी तीन राज्ये. त्या वर्षी यातले एकही राज्य अस्तित्वात नव्हते. पुढे नोव्हेंबर २००० मध्ये झारखंड आणि छत्तीसगड झाले, तेव्हा बिहार आणि मध्य प्रदेशाच्या नकाशावर बाबासाहेबांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी ओढलेली रेघ थोड्याफार फरकाने उमटली. त्याआधी 'पाकिस्तान'वरच्या ग्रंथातही त्यांनी पंजाब आणि बंगालचे नकाशे जोडले होते, जिल्ह्याजिल्ह्याची लोकसंख्या तपासून. आणि जुलै १९४२ ला नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी हिंदू गावांपासून वेगळी, स्वतंत्र गावे वसवण्याचा ठराव झाला. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यासाठी वसाहत आयोगाची मागणी आहे, सरकारी पडीक जमिनी त्याच्या ताब्यात द्याव्यात असे म्हटले आहे. म्हणजे नसलेल्या गावांचा आराखडाच की! ती गावे झाली नाहीत. ती झाली असती तर आज भोरच्या डोंगरात आपले काय चित्र असते, याचा एक नकाशा तरी आपण कधी काढून बघितला का? भाषणात 'स्वतंत्र वसाहती' हा शब्द आपण शंभर वेळा वापरतो. पण त्या वसाहतीत विहीर कुठे, शाळा कुठे, शेती किती, बाजाराचा रस्ता कुठून, हे कागदावर मांडायची वेळ आली की आपल्याकडे उत्तर नाही.

जोतीरावांकडे तर हा वारसा आणखी ठळक आहे. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी बळीराजाच्या राज्याची मांडणी केली. राज्याचे नऊ खंड, प्रत्येक खंडाचा अधिकारी तो खंडोबा. महासुभ्याचा म्हसोबा झाला, अशी ती मांडणी. व्युत्पत्तीच्या पंडितांनी त्यावर नाके मुरडली. मुरडू द्या. शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरीच्या पायऱ्या चढणाऱ्या शेतकऱ्याला जोतीराव सांगत होते की हा देव नाही, हा तुझ्या हरवलेल्या राज्याचा कारभारी आहे. ब्राह्मणी पुराणाच्या भूगोलावर त्यांनी दुसरा भूगोल ठेवला. संत रविदासांनी बेगमपुरा नावाचे एक दुःख नसलेले शहर कल्पिले, तेही याच जातीचे काम. तेव्हा पोरांनो, नसलेले जग आखणे ही पाश्चात्त्यांची फॅशन नाही. ती आपली परंपरा आहे, आणि आपण ती भजनात व भाषणात बंद करून ठेवली आहे.

इथपर्यंत आम्ही पोरांच्या बाजूने बोललो. आता त्यांच्याविरुद्ध बोलायचे आहे.

त्या दिवशी मिटलेला लॅपटॉप आम्ही पुढच्या रविवारी परत उघडायला लावला. सगळ्यांचे नकाशे मागवले, एकेक बघत गेलो. कारागिरी उत्तम होती. डोंगराच्या एका अंगाला सावली, समुद्राला लाटांच्या बारीक रेघा, जुन्या कागदाचा पिवळा रंग. पण प्रत्येक नकाशाच्या मध्यभागी किल्ला. किल्ल्यात सिंहासन. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला काळ्या रानटी लोकांचा प्रदेश, पूर्वेला दुष्टांचे राज्य. एका मुलाने तर कडेच्या प्रदेशाला 'असुरभूमी' असे नाव दिले होते. आम्ही त्याला विचारले, "असुर म्हणजे कोण रे?" तो हसला. मग हसायचा थांबला. जोतीरावांचा बळी ज्या बाजूचा, त्याच बाजूला आमचा पोरगा लाल रंगाने 'धोका' लिहून मोकळा झाला होता!

याचा दोष त्या पोराला देऊन चालणार नाही. तो जिथून शिकला ते जगच तसे आहे. टॉल्किनच्या नकाशांपासून (१९३७ च्या 'द हॉबिट'पासून पुढे) इंग्रजी काल्पनिक साहित्याचा जो साचा पडला, त्यात चांगले लोक वायव्येला आणि काळे-सावळे शत्रू दक्षिण-पूर्वेला. आज जी सॉफ्टवेअर मुले वापरतात, इन्कार्नेट, वंडरड्राफ्ट, त्यांच्या चिन्हांच्या पेटीत युरोपातले किल्ले, चर्चचे मनोरे आणि पाइनची झाडे भरून ठेवलेली असतात. सह्याद्रीतला कडा, कौलारू घर, ओढ्यावरचा साकव हे स्वतः काढून घालावे लागते. जे पेटीत नाही ते नकाशात येत नाही.

अझगारचा नकाशाजनक नावाचे एक फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालते. एक बटण दाबले की क्षणात पूर्ण जग तयार: डोंगर, नद्या, राज्ये, राजधान्या, संस्कृती, धर्म. आम्ही ते मुलांसोबत बसून उघडले आणि समाजशास्त्राचा वर्ग आपोआप सुरू झाला. त्यात धर्मांचे प्रकार कोणते? लोकधर्म, संघटित धर्म, पंथ आणि पाखंड. पाखंड! हा शब्द आपल्या बापजाद्यांच्या कपाळावर कुणी मारला ते बौद्ध पोराला वेगळे सांगायला नको. शहराच्या खिडकीत चिन्हे असतात: राजधानी आहे का, बंदर आहे का, बालेकिल्ला, तटबंदी, चौक, देऊळ. आणि त्यातच एक चिन्ह झोपडवस्तीचे. चालू किंवा बंद. म्हणजे शहर मोठे झाले की काही माणसांनी तटाबाहेर राहावे, ही गोष्ट सॉफ्टवेअरला पावसाइतकी नैसर्गिक वाटते. गावकूस हे फक्त आपल्याच देशात असते असे समजू नका.

एका मुलीने विचारले, "मग हे वापरायचंच नाही का?" वापरायचे. जरूर वापरायचे. त्या सगळ्या खिडक्या बदलता येतात. धर्माचा प्रकार बदलता येतो, राज्याचे नाव पुसता येते, सीमा हलवता येते. आयते आलेले जग जसेच्या तसे पसंत करणे म्हणजे कुणाच्या तरी चावडीवर उभे राहून जोहार घालणे. आम्ही मुलांना एकच अट घातली. किल्ला काढा, पण आधी चार जागा दाखवा: पाणी कुठे भरतात, मेलेले जनावर कुठे टाकतात, प्रेत कुठे जाळतात, आणि रात्री पाहुणा आला तर कुणाच्या ओट्यावर झोपतो. या चार जागा बसवताना नकाशे कोसळायला लागले. नदी डोंगरातून खाली वाहते, दोन नद्या मिळून एक होते, एकीच्या दोन सहसा होत नाहीत, हा या कलेतला पहिला धडा. गुंजवणी नीरेला मिळते, नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते. म्हणजे प्रत्येक पाणवठ्याला वरची बाजू आणि खालची बाजू असतेच. खालच्या बाजूला कोण, हे ठरवल्याशिवाय नदी काढताच येत नाही. असुरभूमीवाल्या पोराने दोन आठवडे घेतले.

या मुलांना हे कळायला भोर-वेल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. भाटघरचे धरण इंग्रजांनी १९२० च्या दशकात पूर्ण केले. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरकडे, फलटण-माळशिरसकडे गेले. उसाचे मळे तिकडे, बुडालेली शेते इकडे. नंतर नीरा-देवघर, वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी. पर्यटन नकाशावर ही सगळी निळीशार तळी. त्या निळ्या रंगाखाली गावे आहेत, हे नकाशा सांगत नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे उन्हाळ्यात डोंगरावरच्या धनगरवाड्यांना, कातकरी वाड्यांना आणि आपल्या वस्त्यांना विचारा.

नावांचे तर विचारूच नका. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड केले. जुलै २०२५ मध्ये राजगड इतर अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेला. आम्हाला त्याचा आनंदच आहे. शिवरायांना कुळवाडीभूषण म्हणून पहिल्यांदा गाणारे जोतीरावच होते, ते आम्हाला कुणी शिकवू नये. पण डिसेंबर २०२० मध्ये याच राज्य सरकारने आणखी एक निर्णय घेतला होता: वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे द्यायची. त्या निर्णयाचे काय झाले ते आपापल्या गावातल्या पाट्या बघून सांगा. तालुक्याचे नाव बदलायला उत्साह असतो, वस्तीचे बदलायला ठराव मिळत नाही. गंमत अशी की या भागात आपल्या वस्तीला कित्येक गावांत 'राजवाडा' म्हणतात. आणि भोर शहरातही राजवाडा आहे, पंतसचिवांचा, सिनेमाच्या शूटिंगसाठी प्रसिद्ध. फोनच्या नकाशात 'राजवाडा' टाइप करा, कुठला निघतो बघा.

आता कुणी म्हणेल, मग सरळ खऱ्या वस्तीचा नकाशा शिकवा, काल्पनिकाचा घाट कशाला? आम्ही आधी तसेच केले होते. दोन वर्षांपूर्वी क्यूजीआयएस हे फुकटचे सॉफ्टवेअर घेऊन एक कार्यशाळा घेतली. अक्षांश-रेखांश, यूटीएमचा त्रेचाळीस क्रमांकाचा पट्टा, रास्टर आणि व्हेक्टर, बिंदू-रेषा-बहुभुज. पहिल्या दिवशी वीस मुले, तिसऱ्या दिवशी चार. कारण खऱ्या नकाशासमोर आपली मुले विद्यार्थी नसतात, अर्जदार असतात. हात थरथरतो. रेघ चुकली तर कोण काय म्हणेल! तलाठी, मोजणीदार, साहेब, सगळे त्या कागदात बसलेले असतात. नसलेल्या राज्याच्या नकाशात कुणी साहेब नसतो. तिथे रेघ ओढायची आणि पुसायची सवय लागते. थर म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय, नाव कुठे लिहायचे आणि ते लिहिल्याने काय झाकले जाते, हे सगळे हात न थरथरता कळते. ती सवय घेऊन तीच मुले यंदा क्यूजीआयएसवर आली तेव्हा चित्र वेगळे होते.

आणि नकाशा आपल्याला परका आहे हे तरी कुणी सांगितले? बलुतेदारीच्या काळात गावाची शीव कुठे हे सांगायचा मान आणि बोजा महारांकडे होता. दोन गावांत शिवेचा वाद उभा राहिला की साक्ष महाराची. कुठला दगड, कुठला ओढा, कुठले झाड, हे त्याच्या पायात होते. साहेबाला वाट दाखवणे आणि सामान वाहणेही त्याच्याकडे. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून रयतवारी मोजणीची घडी बसवली. तेहतीस फुटांची साखळी जमिनीवर पडली, तेहतीस बाय तेहतीसचा गुंठा झाला, आणि गावाची शीव कागदावर गेली. भोर संस्थानात आणि इतरत्र हे वेगवेगळ्या वेळी झाले, पण परिणाम एकच. ज्ञान आमच्या पायातून निघून कुलकर्ण्याच्या दप्तरात गेले. राबणे मात्र आमच्याकडेच राहिले, १८७४ च्या वतन कायद्याने बांधून ठेवलेले. बाबासाहेब १९२८ पासून त्या कायद्याविरुद्ध विधिमंडळात भांडले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, आणि त्यातल्या किती आज आपल्या ताब्यात आहेत हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःच्या सातबाराला विचारावा.

म्हणून काकांच्या स्मशानाच्या वाटेकडे परत येऊ. त्या वस्तीचे स्मशान ओढ्यापलीकडे आहे. पावसाळ्यात ओढा भरला की प्रेत खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जावे लागते. वाटेसाठी अर्ज केला तर कार्यालयातून उत्तर आले, नकाशात तिथे वाटच नाही. गाव नकाशावर पाऊलवाट तुटक रेघेने दाखवतात. ती रेघ असेल तर अडवणाऱ्याविरुद्ध दाद मागायला कागद हातात राहतो. रेघ नसेल तर तीन पिढ्या तुडवलेली वाटही हवेतली ठरते. गावठाणाच्या ड्रोन मोजणीने तरी काही होईल असे वाटले होते, पण ती योजना गावठाणापुरती. ओढ्यापलीकडचे तिच्या कक्षेत येत नाही. आता सांगा, नसलेल्या राज्याचे नकाशे कोण काढतेय? आमची पोरं, की ज्यांच्या कागदावर असलेली वाट नाही ते?

मुलांनी जुन्या गाव नकाशाची स्कॅन प्रत घेतली आणि क्यूजीआयएसमध्ये जमिनीवर बसवायला घेतली. यासाठी दोन्हीकडे ओळखता येतील असे बिंदू लागतात: पूल, बांधाचा कोपरा, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड. चार बिंदू तरी हवेत, आणि ते चहूकडे पसरलेले हवेत, एका कोपऱ्यात गोळा झाले की नकाशा दुसऱ्या टोकाला वाकडा होतो. तीन मिळाले. चौथ्यासाठी उपग्रहाच्या चित्रात झाडीच झाडी. काका मागे उभे होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याजवळ तोंड नेले.

"तो दगड तिथं नाय. ओढ्याच्या अल्याड शोधताय तुम्ही, तो पल्याड हाय, चिंचेखाली. माझा आजा शिवेच्या साक्षीला जायचा तेव्हा मला खांद्यावर घेऊन गेलेला."

असुरभूमीवाल्या पोराने बिंदू ओढ्याच्या पलीकडे सरकवला. नकाशा बराचसा बसला, तरी स्मशानाच्या बाजूला दहा-बारा मीटरची चूक राहतेच आहे. ती पडद्यावर बसून जाणार नाही. पाऊस उघडला की पहिल्या रविवारी फोनचा जीपीएस चालू ठेवून दगडापासून स्मशानापर्यंत ती वाट चालायची आहे, काकांना पुढे घालून. ज्यांना यायचे त्यांनी सकाळी सातला भोर एसटी स्टँडवर भेटावे. चप्पल नको, बूट घाला, ओढ्यात शेवाळ फार आहे.